थंड देशातील घर आणि शेगडी : डायरेक्ट व्हेंट पद्धतीची ओळख

आपल्या समाजातील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत जात आहेत. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे गरीब घरांतील विद्यार्थ्यांनाही ही वाट खुली झाली आहे. निघताना आपण त्यांना स्वेटर देतो, लोणचे-चटणी बांधून देतो. परंतु तिथल्या घरात ऊब कशी निर्माण करतात आणि ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी, हे सहसा कोणी सांगत नाही. कॅनडातील विनिपेगसारख्या शहरात हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. तेथे घरातील ऊब ही चैन नसून जगण्याची गरज आहे. म्हणून तेथील एका प्रचलित साधनाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. कोणत्याही आगीला प्राणवायू लागतो आणि प्रत्येक आग धूर किंवा वायू बाहेर टाकते. जुन्या पद्धतीची उघडी शेगडी हवा खोलीतूनच घेते आणि धूर धुराड्यातून वर सोडते. त्याबरोबर खोलीतील बरीच ऊबही वर निघून जाते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचविण्यासाठी तिकडची घरे अधिकाधिक हवाबंद बांधली जाऊ लागली. अशा घरात स्वयंपाकघरातील पंखा हवा बाहेर फेकू लागला, की आत हवेची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी बाहेरची हवा धुराड्यातूनच आत ओढली जाते आणि धूरही उलटा खोलीत येतो.

या अडचणीवरील उपाय म्हणजे डायरेक्ट व्हेंट पद्धत होय. हिच्यात ज्वाला एका बंद पेटीत असते आणि पेटीच्या दर्शनी बाजूस काच घट्ट बसविलेली असते. पेटीच्या मागून किंवा वरून निघणारी नळी भिंतीतून अथवा छपरातून बाहेर जाते. बहुधा ही नळी दुहेरी, म्हणजे एका नळीत दुसरी अशी असते. आतल्या नळीतून जळालेला वायू बाहेर जातो आणि बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते. खोलीची हवा आगीला मिळत नाही आणि आगीचा वायू खोलीला लागत नाही. खोलीत येते ती फक्त उष्णता. उंच धुराडे बांधण्याचीही गरज राहत नाही.

मात्र ही सुरक्षितता पेटी व नळी शाबूत असेपर्यंतच टिकते. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) काच तडकली असेल किंवा निखळली असेल, तर शेगडी पेटवू नये.

२) भिंतीबाहेरचे नळीचे तोंड बर्फाने, पालापाचोळ्याने वा पक्ष्यांच्या घरट्याने बुजू देऊ नये. मोठा हिमवर्षाव झाल्यावर ते आवर्जून पाहावे.

३) काच २०० अंश सेल्सिअसहूनही अधिक तापू शकते आणि शेगडी विझविल्यावरही बराच वेळ गरम राहते. रांगत्या मुलाचा हात क्षणात भाजतो. अमेरिकेत २०१५ पासून बनलेल्या अशा शेगड्यांना काच ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक तापत असल्यास संरक्षक जाळी असावी लागते. ती काढून ठेवू नये.

४) पडदे, गादी, पुस्तके सुमारे एक मीटर दूर असावीत. शेगडीवर ओले कपडे वाळत घालू नयेत.

५) वर्षातून एकदा, हिवाळ्यापूर्वी, जाणत्या कारागिराकडून तपासणी करवून घ्यावी. भाड्याच्या खोलीत ही तपासणी केव्हा झाली, हे घरमालकास विचारण्यात संकोच करू नये.

६) गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण चालू वा बंद न करता सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून फोन करावा.

आता खऱ्या शत्रूविषयी. इंधन अपुरे जळले, की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. ताप नसताना घरातील सर्वांनाच एकाच वेळी असा त्रास होऊ लागला आणि बाहेर गेल्यावर तो कमी झाला, तर तो थकवा समजू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत जाऊन मदत मागवावी. झोपलेल्या माणसाला ही लक्षणे कळतही नाहीत. म्हणून झोपण्याच्या खोलीजवळ या वायूची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे. त्याचे बटण दरमहा दाबून पाहावे आणि त्यावर छापलेली मुदत संपताच ते बदलावे.

सर्वांत मोठा धोका वीज गेल्यावर संभवतो. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक भागात आलेल्या हिमवादळात आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज गेली. ऊब मिळावी म्हणून काहींनी घरात कोळसा पेटविला, काहींनी बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली आणि या वायूने माणसे दगावली. डायरेक्ट व्हेंट शेगड्यांपैकी काही विजेशिवायही चालतात. आपली शेगडी त्यांतील आहे काय, हे वीज असतानाच माहीत करून घ्यावे.

हे सारे परदेशापुरतेच आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडे बाथरूममध्ये बसविलेला साधा गॅस गिझर खोलीतीलच हवा घेतो आणि जळालेला वायू तेथेच सोडतो. दार-खिडकी बंद करून स्नान करणाऱ्यावर मृत्यू ओढवल्याच्या बातम्या आपण वाचतो. तत्त्व तेच आहे. गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शिक्षणामागे आई-वडिलांचे कष्ट आहेत. परक्या गावात खोली पाहताना भाड्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा : या घरातील आग हवा कोठून घेते आणि धूर कोठे सोडते? उत्तर समाधानकारक मिळाले, तरच ती खोली घ्या.