आईच्या हातातलं बटण

गेल्या वर्षी आईचा जुना रेडिओ कायमचा बंद पडला. आम्ही हौसेने तिला मोबाइलवर आकाशवाणी लावून दिली आणि दोनच दिवसांत तिने ऐकणं सोडलं. वय ८३. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलेला, म्हणजे कडेचं अंधूक दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. शिवाय काही करायला गेलं की हात थरथरतो. (हा कंपवात नव्हे. कंपवाताची थरथर बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना जास्त दिसते. दोन्हींची गल्लत करून घाबरलेले लोक ओपीडीत नेहमी भेटतात.) अशा माणसाला काचेवरची आवाजाची पट्टी म्हणजे शिक्षाच. बोट कुठे ठेवायचं ते दिसत नाही, ठेवलं तर घसरतं आणि मोबाइल एकदम किंचाळतो. मग दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, ‘जरा आवाज कमी कर रे.’ तिला तेच नको होतं.

पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या भाच्याने मार्ग काढला. रास्पबेरी पाय नावाचा, साधारण एटीएम कार्डाएवढा उघडा संगणक मिळतो. २०१४ पासूनच्या त्याच्या बहुतेक मॉडेलांवर कडेला ४० पिना असतात. त्यांतल्या बऱ्याच पिनांना बाहेरचा खटका जोडता येतो. म्हणजे इंटरनेटवरून आकाशवाणी लावायची संगणकाने, पण आवाजाचं बटण खरंखुरं, चिमटीत धरता येणारं.

जुन्या रेडिओचं बटण फिरवलं की आतला विद्युतरोध हळूहळू बदलायचा. या पिनांना असं कमी-जास्त कळत नाही, फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ कळतं. म्हणून रोटरी एन्कोडर नावाचं बटण लावतात. ते फिरवलं की दोन पिनांवर एकापाठोपाठ एक ठोके येतात. कोणता आधी आला त्यावरून संगणक दिशा ओळखतो आणि आवाज एक पायरी वर किंवा खाली नेतो. मला गंमत वाटली ती इथे. थरथरता हात एक पायरी पुढे जाऊन एक मागे आला, तर हिशेब शून्य!

पहिला बोर्ड आम्ही बिघडवला. या पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात आणि भाच्याने एन्कोडरला शेजारच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून वीज दिली होती.

दुसऱ्या बोर्डावर वेगळंच दुखणं. तेच बटण दाबलं की पुढचं केंद्र लागायला हवं, पण एका दाबात दोन केंद्रं पुढे जायची. धातूचे संपर्क दाबल्यावर काही मिलिसेकंद उड्या मारतात, म्हणून तेवढा वेळ प्रोग्रॅमने दुर्लक्ष करायचं असतं. भाच्याने ५० मिलिसेकंद ठेवले होते. ‘मामा, सर्किट बरोबर आहे,’ तो म्हणत राहिला. होतंच. पण अशी थरथर सेकंदाला ४ ते १२ वेळा होते, म्हणजे दोन हेलकाव्यांत साधारण ८० ते २५० मिलिसेकंद. आजीचं बोट खरोखरच दोनदा दाबत होतं. दुर्लक्षाची वेळ अर्धा सेकंद केली आणि केंद्रं जागेवर आली.

आवाजाची कमाल मर्यादाही प्रोग्रॅममध्येच घातली. त्याआधी तिचे कान तपासून घेतले. वयाबरोबर ऐकू कमी येतंच, पण आवाज वाढवत जाणाऱ्याच्या कानात कधी कधी नुसता मळ निघतो.

एक उणीव मात्र तिनेच काढली. जुनं बटण डावीकडे शेवटाला गेलं की ‘टक्’ होऊन रेडिओ बंद व्हायचा. हे नुसतं फिरतच राहतं. ‘याला शेवट कुठाय?’ तिने विचारलं. आता आवाज शून्यावर गेला की वाजणं थांबतं. संगणक चालूच राहतो, कारण सरळ प्लग ओढला तर त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. आणि वाजणं थांबताना स्पीकरमधून एक ‘टक्’ ऐकू येतो. माळ्यावरच्या त्या बंद रेडिओचं बटण फिरवून भाच्याने तो मुद्रित केला आहे.