हमरस्त्याच्या दारावरील दिवा

अमेरिकेच्या उत्तर सरहद्दीवर मिनेसोटा नांवाचें राज्य आहे. तेथील मिनिआपोलिस आणि सेंट पॉल हीं दोन शहरें एकमेकांस इतकीं लागून वसलीं आहेत कीं, त्यांस जुळीं शहरें असेंच म्हणतात. सन २००० मध्यें या जुळ्या शहरांत एक मोठा वाद माजला होता, आणि त्या वादाचा विषय होता रस्त्यावरचा एक तांबडा-हिरवा दिवा. शहरांतील साध्या रस्त्यावरून वेगवान हमरस्त्यावर चढण्यासाठीं जे जोडरस्ते असतात, त्यांच्या तोंडाशीं असे सुमारें ४३० दिवे लाविलेले होते. सकाळीं कचेरीस निघालेला गृहस्थ जोडरस्त्यावर येई, तों पुढें मोटारींची रांग. दिवा क्षणभर हिरवा होई, एक मोटार सुटे, आणि लगेच पुन्हां तांबडा. समोर पाहावें तर हमरस्ता सुरळीत वाहत असे! मग रस्ता मोकळा असतांना आपणांस येथें उगाच कां डांबून ठेविलें आहे, हा प्रश्न त्याच्या मनांत उठल्यावांचून कसा राहावा? हमरस्ता सुरळीत वाहतो तो या दिव्यामुळेंच, असें सरकारी एंजिनियर सांगत. परंतु घड्याळाकडे पाहत रांगेंत बसलेल्या माणसास हें उत्तर पटणें कठीणच.

अखेर त्या राज्याच्या कायदेमंडळानें ठराव केला कीं, सगळे दिवे कांहीं आठवडे बंद करावे, काय होतें तें त्रयस्थांकडून मोजून घ्यावें, आणि मग बोलावें. एखादें यंत्र चालू करून त्याचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. तें बंद करून त्याची परीक्षा पाहण्याचें धैर्य क्वचितच कोणी दाखवितो. त्या परीक्षेचा निकाल ऐकण्यापूर्वीं दिव्यामागची कल्पना काय आहे, हें पाहिलें पाहिजे.

हमरस्त्याच्या एका पट्ट्यांतून ताशीं सुमारें २,००० मोटारी जाऊं शकतात. ही मर्यादा माणसाच्या सावधपणानें घातलेली आहे. पुढच्या मोटारीपासून दीड-दोन सेकंदांचें अंतर राखल्याशिवाय शहाणा मनुष्य गाडी हांकीत नाहीं. येथवर सर्व सरळ आहे. परंतु मोटारींची दाटी एका ठराविक प्रमाणाबाहेर गेली कीं रस्ता नुसता भरत नाहीं, तो बिघडतो. त्याच पट्ट्यांतून मग पहिल्यापेक्षां कमी मोटारी पुढें सुटतात, आणि तेंही नेमकें गर्दीच्या वेळीं, जेव्हां त्याची सर्वांत अधिक गरज असते. जात्यावर दळणाऱ्या बाईस हा न्याय पुरा ठाऊक होता. वैरण मुठीमुठीनें घातली तर पीठ सारखें पडतें. सूपभर धान्य एकदम तोंडांत लोटलें, तर जातेंच अडतें.

जपानांतील भौतिकशास्त्रज्ञ युकी सुगियामा व त्यांचे सहकारी यांनीं ही गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी करून दाखविली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार वाटेवर २२ मोटारी सोडल्या होत्या, आणि हांकणारांस एवढेंच सांगितलें होतें कीं, ताशीं सुमारें ३० किलोमीटर वेगानें, पुढच्याशीं अंतर राखून चालत राहा. वाटेवर ना चौक, ना खड्डा, ना मध्येंच आडवा येणारा सायकलस्वार. कांहीं वेळ सर्व ठीक चाललें. मग कोणा एकाचा वेग किंचित् कमी झाला; मागच्यानें त्याहून थोडा अधिक ब्रेक दाबला, त्याच्या मागच्यानें आणखी थोडा; आणि पाहतां पाहतां कांहीं मोटारी चक्क उभ्या राहिल्या. पुढच्या सुटत, मागच्या येऊन अडकत. मोटारी पुढें जात आणि कोंडी मात्र ताशीं सुमारें २० किलोमीटरनें मागें मागें सरके! प्रवासांत अर्धा तास रखडल्यावर पुढें ना अपघात दिसतो ना मोडलेली गाडी, आणि सर्वजण 'मग अडलें होतें काय?' म्हणून एकमेकांकडे पाहतात. श्रोत्यांपैकीं पुष्कळांस आलेल्या या अनुभवाचें इंगित हेंच आहे.

आतां जोडरस्त्यावरून दहा-पंधरा मोटारींचा जथा एकदम हमरस्त्यांत घुसला, तर असा धक्का हमखास बसतो. तोच जथा एकेक करून सोडला, तर प्रत्येक मोटारीस वाहत्या रांगेंत फट सांपडते, आणि मागच्या कोणास जोरानें ब्रेक दाबावा लागत नाहीं. दिव्याचें सगळें तत्त्व एवढेंच.

हें काम प्रथम यंत्रानें केलेंच नाहीं. १९६३ सालीं शिकागोच्या आयझेनहॉवर द्रुतगति मार्गावर जोडरस्त्याच्या तोंडाशीं एक पोलीस शिपाई उभा केला, आणि तो मोटारी थांबवून ठराविक वेळानें एकेक सोडूं लागला. पुढें शिपायाची जागा दिव्यानें घेतली. या दिव्यास डोळे मिळाले ते रस्त्याच्या पोटांतून. रस्त्याच्या पृष्ठभागाखालीं तारेचें वेटोळें पुरतात व त्यांतून विजेचा प्रवाह खेळवितात. वरून मोटारीचें लोखंडी धूड गेलें कीं त्या वेटोळ्याच्या विद्युत्-गुणांत फरक पडतो, आणि एक मोटार गेली, इतका वेळ ती येथें होती, अशी नोंद होते. मिनेसोटांत ही माहिती दर ३० सेकंदांस मध्यवर्ती संगणकाकडे जाते. पुढें रस्ता किती भरला आहे हें त्यावरून कळतें, आणि त्या मानानें दिवे मोटारी भराभर किंवा सावकाश सोडतात. जोडरस्त्याच्या मागच्या टोंकासही एक वेटोळें असतें. रांग तेथपर्यंत पोहोंचली म्हणजे ती शहरांतील चौकांत जाऊन तुंबूं नये, म्हणून दिवा आपला हात सैल सोडतो. अशा योजनांस आजकाल 'बुद्धिमान वाहतूक व्यवस्था' असें भारदस्त नांव आहे. बुद्धि हा शब्द येथें जरा उदारपणेंच वापरलेला आहे. यंत्र मोजतें, आणि मोजल्याप्रमाणें वागतें. मात्र शेंकडों जागीं, दर अर्ध्या मिनिटास, न कंटाळतां मोजणें शिपायास साधणारें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

असे हे दिवे ऑक्टोबर २००० च्या मध्यास मालवले गेले, ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत. रस्ता तोच, शहर तेंच, लोकही तेच. निकाल असा लागला: हमरस्त्यावरील प्रवासास लागणारा वेळ २२ टक्क्यांनीं वाढला. जोडरस्त्यावर थांबण्याचा वेळ वांचला खरा, पण हमरस्त्यावर तो वाचलेला वेळ गेला आणि वर पदरचाही गेला. हमरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींची संख्या सरासरीनें ९ टक्क्यांनीं, तर ऐन गर्दीच्या वेळीं १४ टक्क्यांनीं घटली. आज वीस मिनिटें लागलीं म्हणून उद्यांही वीसच लागतील, हा भरंवसा तर पार गेला. प्रवासाच्या वेळेची अनिश्चितता जवळजवळ दुप्पट झाली. आणि ऋतुमानाचा परिणाम वगळूनही गर्दीच्या वेळचे अपघात २६ टक्क्यांनीं वाढले. वेळ गेला तर मनुष्य चरफडतो आणि कचेरींत उशिराचें कारण सांगतो. हा शेवटचा आंकडा मात्र तेवढ्यावर भागणारा नाहीं. दिव्यापाशीं थांबलेल्या माणसास आपण कोणता अपघात टाळला हें कधींच दिसत नाहीं. आपलीं गेलेलीं चार मिनिटें तेवढीं दिसतात.

तरी गाऱ्हाणें सांगणारे सर्वस्वी चुकले होते, असें नव्हे. जुन्या हिशेबांत हमरस्त्याचा प्रवाह हेंच एक दैवत होतें. दिव्यापाशीं उभ्या असलेल्या माणसास त्यांत फारशी जागा नव्हती. दूरच्या उपनगरांतून निघालेला मनुष्य आरंभींच हमरस्त्यावर चढे आणि पुढें निर्वेध धांवे. शहराजवळ राहणारा, ज्याला दोन-चार मैलच जावयाचें, तो दिव्यापाशीं खोळंबे. एकाच्या थांबण्यानें दुसऱ्याचा वेळ वांचतो. सगळ्यांची बेरीज फायद्याची येते हें खरें. पण बेरीज दाखवून थांबणाऱ्याचें समाधान कसें व्हावें? प्रयोगानंतर दिवे पुन्हां लागले, ते नवा नियम घेऊन. शहरांतून चढणाऱ्या जोडरस्त्यावर कोणास ४ मिनिटांहून अधिक, आणि एका हमरस्त्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यास २ मिनिटांहून अधिक थांबवावयाचें नाहीं, असें ठरलें. हा नियम पाळावयाचा तर हमरस्त्याची थोडी गति सोडावी लागते. एंजिनियरांनीं ती सोडली, आणि संगणकाचें गणित त्याप्रमाणें नव्यानें मांडलें.

यंत्रावर किती विसंबावें, या प्रश्नाची दुसरी बाजू इंग्लंडांत दिसली. बर्मिंगहॅमजवळील एम-४२ मार्गावर २००६ सालीं वर टांगलेल्या फलकांतून गर्दीप्रमाणें वेगमर्यादा बदलूं लागली, आणि गर्दीच्या तासांपुरता कडेचा राखीव पट्टाही वाहतुकीस खुला होऊं लागला. कडेचा पट्टा म्हणजे बिघडलेली गाडी उभी करण्याची हक्काची जागा. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर आश्रयाच्या जागा बांधल्या होत्या. ही योजना चांगली चालली, आणि त्यामुळेंच हुरूप वाढला. नंतरच्या कित्येक मार्गांवर तो पट्टा कायमचाच वाहतुकीस देऊन टाकला. आश्रयाच्या जागाही दूर दूर गेल्या. चालत्या पट्ट्यांत बंद पडलेल्या मोटारींवर मागून वाहनें आदळून माणसें दगावलीं. उभी राहिलेली मोटार ओळखणारीं रडार यंत्रें कित्येक ठिकाणीं आधीं नव्हतींच, तीं मागाहून बसविलीं. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. खर्च आणि हा अविश्वास अशीं दोन्ही कारणें देऊन ब्रिटिश सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें असे नवे मार्ग करण्याचा बेत रद्द केला. मिनेसोटांतील दिवा चुकला तर चार मिनिटें जातात. इंग्लंडांत जें पणास लागलें होतें, तें निराळें होतें.

महाराष्ट्रांत मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला, आणि जुलै २०२४ पासून त्याजवर कॅमेऱ्यांची बुद्धिमान व्यवस्था काम करूं लागली. दोन ठिकाणांमधील अंतर मोटारीनें किती वेळांत तोडलें, यावरून तिचा सरासरी वेग काढतां येतो. त्यामुळें कॅमेरा दिसतांच ब्रेक मारून पुढें पुन्हां भरधाव सुटण्याची युक्ति फारशी चालत नाहीं. वेगाला आळा बसणें ही प्राणरक्षणाच्या दृष्टीनें मोठीच गोष्ट आहे. पण दंडाची पावती कोंडी फोडीत नाहीं. शनिवार-रविवारास जोडून सुट्टी आली म्हणजे खंडाळ्याच्या घाटांत काय होत आलें आहे, हें मुंबई-पुण्याच्या घरांतून सांगावयास नको. अशा दिवशीं महामार्ग पोलिसांनीं पुण्याकडून येणारी वाहतूक कांहीं वेळ थोपवून घाटांत अडकलेल्या गाड्यांस पलीकडच्या पट्ट्यांतून वाट करून दिली आहे, आणि जड वाहनांस गर्दी ओसरेपर्यंत थांबावयास सांगितलें आहे. थांबलेले लोक त्यांजवर रागावले असतील, यांत नवल नाहीं. १९६३ सालीं शिकागोच्या जोडरस्त्याच्या तोंडाशीं उभा केलेला शिपाई हेंच काम करीत होता.