पद्म पुरस्कार : नाव कोण सुचवतं, कसं सुचवायचं?

तायांनो, यंदा जानेवारीत आपल्या एका ताईंना फोन आला. "तुमची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झालीय. ट्रॉफी आणि सर्टिफिकेटचे पाच हजार शंभर रुपये पाठवा." ताईंची गटातून अंतर्गत कर्ज काढायची तयारी होती. पैसे भरायच्या आधी त्यांनी मला विचारलं, म्हणून वाचल्या. तेव्हाच ठरवलं, की सरकारचा खरा पुरस्कार कसा मिळतो हे या अंकात नीट लिहायचं.

पद्म पुरस्कार म्हणजे काय?

हे पुरस्कार 1954 साली सुरू झाले. पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री असे त्याचे तीन प्रकार. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे 25 जानेवारीला, नावं जाहीर होतात. पुरस्कार नंतर दिल्लीला राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात. राष्ट्रपतींच्या सहीचं सन्मानपत्र मिळतं आणि पदक मिळतं. रोख रक्कम नसते. नावाच्या पुढे किंवा मागे 'पद्मश्री' लावताही येत नाही. आपल्या राज्यघटनेनं कलम 18 मध्ये पदव्या बंद केल्यात. हा पुरस्कार म्हणजे पदवी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय.

आणि पक्कं लक्षात ठेवा : सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक रुपयाही भरावा लागत नाही. पैसे मागितले, की समजा फसवणूक.

आपल्यासारख्यांना मिळतो का?

मिळतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणं गोळा केलं, जपलं, दुसऱ्या बायकांना दिलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरं उदाहरण मुंबईचं, गिरगावातलं. 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. मधे किती वर्षं गेली, मोजून बघा. 62!

तिसरं शीवचं. पेशंट घेऊन तुमच्यापैकी काहीजणी तिथल्या मोठ्या पालिका रुग्णालयात जाऊन आल्या असतील. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची बँक सुरू केली. आशियातली ती पहिली. ज्या आईला जास्त दूध येतं ती देते, ते तपासून, निर्जंतुक करून कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना पाजतात. पुढे त्यांनी धारावीत बायका-मुलांच्या आरोग्यासाठी संस्था उभी केली. 2026 च्या यादीत त्यांचं नाव पद्मश्रीसाठी आलं.

नाव कोण सुचवतं?

कुणीही. राज्य सरकार सुचवतं, मंत्री-खासदार सुचवतात, तसंच साधा नागरिकही सुचवू शकतो. स्वतःचं नावही देता येतं. अर्ज फक्त ऑनलाइन, 'राष्ट्रीय पुरस्कार' पोर्टलवर. शेवटची तारीख पावसाळ्याच्या आसपास येते, ती दरवर्षी पोर्टलवरच बघायची. सरकारी नोकरीत असलेल्यांना हा पुरस्कार मिळत नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तेवढे अपवाद.

अर्जात त्या व्यक्तीच्या कामाबद्दल जास्तीत जास्त 800 शब्द लिहायचे असतात. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती नावं निवडते. मग ती पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. वर्षाला साधारण 120 पुरस्कारांची मर्यादा आहे आणि अर्ज हजारोंनी येतात. म्हणजे अर्ज केला की मिळालाच, असं नाही.

800 शब्दांत काय लिहायचं?

इथेच आपण कमी पडतो. 'ताई खूप कष्टाळू, प्रेमळ, समाजासाठी झटणाऱ्या' एवढं लिहून थांबतो. समितीला त्यातून काही कळत नाही. काम कधी सुरू केलं, कुठल्या गावांत, किती बायकांना फायदा झाला, आधी काय होतं आणि आता काय बदललं, हे लिहा. हे सगळं आपल्याकडे असतं, पण विखुरलेलं. ठरावाच्या वहीत असतं, कर्जाच्या रजिस्टरमध्ये असतं, कुणाच्या तरी मोबाइलमधल्या फोटोत असतं. फोटोच्या मागे तारीख आणि गावाचं नाव नसेल, तर दहा वर्षांनी तो कशाचा, हे सांगणारं कुणी उरत नाही.

अजून एक अडचण. पद्म पुरस्कार एका व्यक्तीला मिळतो, गटाला नाही. आपलं काम तर दहाजणींचं. मग नाव कुणाचं घालायचं, यावरून रुसवेफुगवे होणारच. हे बैठकीत मोकळेपणानं बोला. जिनं सुरुवात केली किंवा सर्वात जास्त काळ धरून ठेवलं, तिचं नाव द्या आणि बाकी सगळ्यांचं काम मजकुरात लिहा. लिज्जतचा सन्मान एकीच्या नावावर झाला, पण त्या सातजणी होत्या हे आजही सगळे सांगतात, कारण ते नोंदवलेलं आहे.

आता एवढंच करा. पुढच्या मासिक बैठकीत एक विषय वाढवा : 'आपल्या गावात कुणाचं काम लिहून ठेवायला हवं?' ती गटातलीच हवी असं नाही. दाई असेल, आशाताई असेल, बियाणं राखणारी आजी असेल. एकीनं विचारायचं, एकीनं लिहायचं, सचिव ताईंनी ते वहीत चिकटवायचं. दिल्लीला नाव गेलं तर उत्तमच. नाही गेलं तरी ग्रामपंचायतीचा, तालुक्याचा सत्कार असो की बँकेचा प्रस्ताव, हाच कागद कामी येईल. टाइप करायला आणि अर्ज भरायला मी येईन. फक्त आजीला विचारायचं काम लांबवू नका.