ज्या इमारतीला अंगण नव्हतं

बांधकाम निघालं की आपल्याकडे आधी रस्त्यावर वाळू आणि खडी येऊन पडते. शेजारी कुरकुरतात, पाऊस आला की मुकादम ताडपत्री शोधत धावतो, पण काम थांबत नाही, कारण माल हाताशी असतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर एम्पायर स्टेट बिल्डिंगचं काम सुरू झालं तेव्हा ही सोयच नव्हती. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हे जुनं हॉटेल पाडून मोकळा केलेला, ३३व्या आणि ३४व्या रस्त्यांमधला जेमतेम दोन एकरांचा तुकडा. इमारतीचे सर्वांत खालचे पाच मजले प्लॉटच्या हद्दीला भिडणार होते. भोवती शहरातली गजबजलेली वाहतूक. ढीग घालायचा तरी कुठे?

आणि माल किती, तर ५७,००० टन पोलाद, सुमारे १ कोटी विटा, २ लाख घनफूट चुनखडीचा दगड, शिवाय ६,५०० खिडक्या. मुदतही हलणारी नव्हती. न्यूयॉर्कमधल्या कचेऱ्यांचे भाडेकरार तेव्हा १ मेपासून सुरू होत. १ मे १९३१ हुकला, तर वर्षभराच्या भाड्यावर पाणी सोडावं लागणार होतं.

या इमारतीची गोष्ट सहसा उंचीची म्हणून सांगितली जाते. ३८१ मीटर, १०२ मजले, आणि तुळईवर बसलेल्या कामगारांची ती छायाचित्रं. पण तिचा खरा पराक्रम जमिनीवरचा आहे. जागा नसल्यामुळे प्रत्येक वस्तू लागेल त्याच वेळी दारात यायला हवी होती आणि आल्याबरोबर वर जायला हवी होती. स्टॅरेट ब्रदर्स अँड एकन या कंत्राटदारांनी सारी हुशारी तिथेच खर्ची घातली.

पोलाद पेनसिल्व्हेनियातून निघे. तुळया आणि खांब कारखान्यातच कापून, भोकं पाडून तयार होत. प्रत्येक नगावर रंगाने खूण केलेली असे: इमारतीतली जागा कुठली आणि तो उचलणारी डेरिक कुठली. रेल्वेने तो माल न्यूजर्सीतल्या बेयॉनच्या यार्डात येई. साइटवर नसलेलं गोदाम ते हे, पाण्यापलीकडचं. तिथून लागेल तेवढाच माल बार्जवर चढे, मॅनहॅटनच्या धक्क्याला लागे आणि ट्रकने साइटवर पोचे. ट्रकवरून नग सुटला की थेट हवेत. इमारत वाढत गेली तशी एकाच दमात वरपर्यंत उचल घेणं परवडेना, तेव्हा मधल्या मजल्यांवर डेरिक बसवून तुळई खालच्या डेरिककडून वरच्या डेरिककडे सोपवली जाऊ लागली. एप्रिल १९३०मध्ये पहिले खांब उभे राहिले आणि सप्टेंबर संपण्याआधी ८६व्या मजल्यापर्यंतचा सांगाडा तयार होता.

विटांची व्यवस्था मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. नेहमीची रीत अशी की विटा रस्त्यात उतरवायच्या, मग माणसांनी त्या ढकलगाड्यांत भरायच्या आणि उचलयंत्रापर्यंत न्यायच्या. इथे तसं केलं असतं तर अख्खा रस्ताच बंद झाला असता. म्हणून विटांचा ट्रक सरळ इमारतीच्या आत शिरे. तळमजल्याच्या जमिनीत झडप ठेवली होती. ट्रक तिथे पाठ उलटी करी आणि विटा घसरंडीवरून तळघरातल्या कोठीत जात. अशा दोन कोठ्या होत्या, प्रत्येकीत सुमारे २०,००० विटा मावत. कोठीच्या बुडाशी असलेलं दार उघडलं की विटा आपसूक खालच्या डब्यात पडत. डबा उचलयंत्रात ढकलायचा आणि हव्या त्या मजल्यावर बाहेर काढायचा. ट्रकमधून निघालेली वीट गवंड्याने उचलेपर्यंत तिला हात लावावा लागत नसे.

मजल्यावर पोचल्यावरही डबा अडत नव्हता. काम चालू असलेल्या मजल्यांवर छोटे रूळ टाकलेले होते, वळणांवर फिरत्या तबकड्या. माणसं डबे हाताने ढकलत गवंड्यापर्यंत नेत. वरचे मजले तयार होत गेले तसे रूळही वर सरकत.

दगडालाही असाच मार्ग आखून दिला होता. दगडाचं काम म्हणजे खरं तर वेळखाऊ. प्रत्येक कड घासून शेजारच्या दगडाला बेमालूम बसवावी लागते. वास्तुरचनाकार विल्यम लँब यांनी ही अडचण आराखड्यातच सोडवली. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंनी चकचकीत पोलादाच्या उभ्या पट्ट्या, खिडक्यांच्या मधल्या जागेत ॲल्युमिनियमचे पत्रे. दगडाची कड पट्टीखाली झाकली जाई, त्यामुळे ती फार नेटकी असण्याची गरज उरली नाही. आज पर्यटक ज्या उभ्या चंदेरी रेषा पाहून थक्क होतात, त्यांच्यामागे दगड चटकन बसावा हा हिशेबही आहे. सौंदर्य आणि सोय यांची इतकी सरळ गाठ फार थोड्या इमारतींत दिसते.

कंत्राटदारांनी चार कामं पुढाकाराची ठरवली होती: पोलादी सांगाडा, काँक्रीटच्या लाद्या, बाहेरचं धातुकाम आणि बाहेरचा दगड. बाकी सगळ्यांनी या चौघांच्या चालीने चालायचं. त्याखाली रोजचं वेळापत्रक: कुठला ट्रक किती वाजता येणार, त्यात काय, ते कुठल्या उचलयंत्राने कुठल्या मजल्यावर जाणार, जबाबदारी कोणाची. गर्दीच्या दिवसांत सुमारे पाचशे गाड्या माल आणत. एक गाडी अर्धा तास अडली तर मागची रांग रस्त्यावर, आणि वर गवंडी हात बांधून बसलेले.

माणसंही याच हिशेबात होती. ऑगस्ट १९३०मध्ये एका दिवशी ३,४०० हून अधिक कामगार हजर होते. जेवणाच्या सुट्टीत हे सगळे खाली उतरून पुन्हा वर गेले असते तर उचलयंत्रं तासन्‌तास अडकली असती. म्हणून मधल्या मजल्यांवरच खानावळी उघडल्या, स्वस्तात गरम जेवण देणाऱ्या. पाडलेल्या हॉटेलच्या लिफ्ट जपून ठेवल्या होत्या, त्या कामगारांच्या ये-जा करण्यासाठी बसवल्या. हजेरी घेणारे कारकून मजल्या-मजल्यावर फिरून माणूस जागेवर आहे की नाही ते पाहत.

हे सगळं इतक्या बारकाव्याने कळतं ते कंत्राटदारांच्या एका वहीमुळे. काम झाल्यावर कचेरीतल्या कोणीतरी टाइप केलेली टिपणं, सोबत डकवलेली छायाचित्रं. इतिहासकार कॅरल विलिस यांच्या संपादनाखाली ती १९९८मध्ये पुस्तकरूपाने आली. लिहिणाऱ्याचं नाव तिच्यात नाही. मालकांची, वास्तुरचनाकारांची, कंत्राटदारांची नावं जगाला ठाऊक आहेत. ट्रकच्या वेळा जुळवणारी माणसं अनामिक राहिली, हे मनाला लागतं.

सारं श्रेय या नियोजनालाच दिलं तर मात्र चूक होईल. ऑक्टोबर १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. इतर बांधकामं आटली, पोलादाच्या कारखान्यांना गिऱ्हाईक हवं होतं, ट्रक रिकामे होते आणि मजुरांना दुसरीकडे काम मिळणं कठीण झालं होतं. तेजीच्या वर्षांत हेच वेळापत्रक पुरवठादारांनी इतक्या तंतोतंत पाळलं असतं का, याची शंका वाटते. जमिनीसह सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाचा अंदाज होता, काम ४ कोटी १० लाखांच्या आत उरकलं. त्या बचतीत नियोजनाचा वाटा होता आणि पडलेल्या किमतींचाही. अधिकृत नोंदीनुसार या कामात पाच कामगारांचे जीव गेले.

१ मे १९३१ला इमारत ठरल्या दिवशी उघडली. भाडेकरू मात्र मंदीमुळे फिरकले नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं विटा-तुळयांनी मिनिटांच्या हिशेबाने गाठलेले बरेचसे मजले रिकामेच राहिले.