आधी सिद्धता, मग बांधणी

कार्डानो ही ब्लॉकचेन सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यावर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे अट पूर्ण होताच आपोआप अमलात येणारे करार, चालवायला मात्र सप्टेंबर २०२१ उजाडला. रोज नवी नाणी निघणाऱ्या बाजारात चार वर्षे म्हणजे एक पिढीच. पण हा संथपणा मुद्दाम पत्करलेला होता.

इथेरियम या ब्लॉकचेनच्या संस्थापकांपैकी एक असलेले चार्ल्स हॉस्किन्सन तिथून बाहेर पडले आणि २०१५ मध्ये त्यांनी जेरेमी वुड यांच्यासोबत कार्डानो घडवणारी नवी कंपनी काढली. आधी शोधनिबंध लिहायचा, तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा, मगच प्रोग्रॅम लिहायचा, असा तिचा शिरस्ता. एडिंबरा विद्यापीठाचे अ‍ॅगेलोस कियायास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘ओरोबोरोस’ ही पद्धत कार्डानोचा कणा आहे. प्रोग्रॅमसाठी भाषा निवडली हॅस्केल. गणिती काटेकोरपणासाठी नावाजलेली, पण जाणकार कमी असलेली.

बिटकॉइनमध्ये नोंदींचा पुढचा ब्लॉक जोडण्याचा मान मिळवण्यासाठी यंत्रांची आकडेमोडीची शर्यत लागते आणि तीत प्रचंड वीज जाते. कार्डानोत ओरोबोरोसनुसार त्याऐवजी सोडत निघते. ज्याच्यामागे ‘एडा’ हे चलन जास्त, त्याची निवड होण्याची शक्यता जास्त. पाच दिवसांच्या एका पर्वात सेकंदाचा एक असे ४,३२,००० टप्पे असतात आणि सरासरी वीस सेकंदांनी एक ब्लॉक तयार होतो. आपली पाळी कधी, हे ज्याचे त्यालाच आधी कळते. त्यामुळे हल्लेखोराला नेम धरता येत नाही. एडाचा निम्म्याहून अधिक हिस्सा प्रामाणिक लोकांकडे असेल तर खोटी नोंद टिकत नाही, हे गणिताने सिद्ध केलेले आहे.

सोडतीत उतरण्यासाठी स्वतःचा सर्व्हर चालवणे प्रत्येकाला जमत नाही. असा एडाधारक आपला हिस्सा सर्व्हर चालवणाऱ्या एखाद्या ‘स्टेक पूल’च्या नावे लावतो. पैसे त्याच्याच वॉलेटमध्ये राहतात, केव्हाही खर्च करता येतात आणि ब्लॉक जोडल्याचा मोबदला पर्वागणिक जमा होतो. एखादा पूल ठरावीक मर्यादेपलीकडे फुगला की त्यातल्या प्रत्येकाचा मोबदला घटतो. सत्ता एकवटू नये म्हणून केलेली ही सोय. पण एकच मालक अनेक पूल चालवू शकतो, ही तिच्यातली पळवाट.

एकूण एडा ४,५०० कोटींहून जास्त कधीच निघणार नाहीत. प्रोग्रॅम सर्वांना खुला आहे. सप्टेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मधल्या बदलांनंतर कार्डानोच्या सामायिक तिजोरीतला खर्च आणि नियमांतले फेरफारही एडाधारकांच्या प्रतिनिधींच्या मतदानाने ठरू लागले आहेत.

तरीही वापराच्या बाबतीत कार्डानो इथेरियमच्या खूप मागे आहे. कार्डानोवर करार येईपर्यंत विकासक आणि पैसा दुसरीकडे स्थिरावला होता. एडाचा भाव २०२१ मध्ये तीन डॉलरवर गेला आणि पुढच्या वर्षभरातच अर्ध्या डॉलरच्या आसपास आला. पद्धत सुरक्षित असल्याची सिद्धता देता येते. लोक ती वापरतील याची देता येत नाही.

भारतातल्या वाचकाने आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. अशा चलनाच्या नफ्यावर इथे ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. कार्डानो अभ्यासण्याजोगी नक्कीच आहे. पण अभ्यासण्याजोगी प्रत्येक गोष्ट विकत घेण्याजोगी असतेच असे नाही.