फिल्मवरून कापडावर : वस्त्रछपाईची एक सुलभ रीत

शाळेच्या कबड्डी संघासाठी बारा गणवेश हवे असतात. प्रत्येकाच्या पाठीवर निराळे नाव आणि निराळा क्रमांक. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी व प्रत्येक आकृतीसाठी स्वतंत्र जाळी तयार करावी लागते. शेकडो नगांचे काम असल्यास हा खर्च विभागला जातो. बारा नगांना तो परवडत नाही. अशा लहान कामांची सोय करणारी ‘डायरेक्ट टू फिल्म’ अर्थात ‘डीटीएफ’ ही पद्धत अलीकडे लहान शहरांतूनही रुजली आहे. बचत गट व सुशिक्षित बेरोजगार तिच्याकडे जोडधंदा म्हणून पाहू लागले आहेत. म्हणून तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

या पद्धतीत चित्र प्रथम कापडावर छापले जात नाही, तर विशिष्ट लेप दिलेल्या पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मवर छापले जाते. संगणकावर तयार केलेली आकृती आरशातल्याप्रमाणे उलटी छापतात. आधी रंगीत शाई आणि तिच्यावर पांढऱ्या शाईचा थर असा क्रम असतो. फिल्म कापडावर पालथी ठेवली, की हाच पांढरा थर रंगांच्या खाली जातो. म्हणूनच काळ्या वा गडद कापडावरही रंग उठून दिसतात.

शाई ओली असतानाच तिच्यावर चिकट द्रव्याची बारीक भुकटी पसरतात व जादा भुकटी झटकून टाकतात. उष्णता दिली की भुकटी वितळून शाईला धरून बसते. तयार फिल्म कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारणतः १५० ते १६५ अंश सेल्सिअस तपमानात १० ते १५ सेकंद दाबतात. नंतर फिल्म सोलून काढतात आणि चित्र पुन्हा काही सेकंद दाबून पक्के करतात. फिल्म गरम असताना सोलावी की थंड झाल्यावर, हे तिच्या प्रकारावर अवलंबून असते. उत्पादकाची सूचना पाळणे हेच उत्तम.

उष्णतेने रंग मुरविणारी सब्लिमेशन पद्धत मुख्यतः फिकट पॉलिएस्टर कापडालाच उपयोगी पडते. डीटीएफ मात्र सुती, पॉलिएस्टर आणि मिश्र अशा तिन्ही कापडांवर चालते. तथापि तिलाही मर्यादा आहेत. छाप धाग्यात मुरत नाही, वर पातळ थर म्हणून बसतो. त्यामुळे छातीभर मोठे चित्र असल्यास कापडातून हवा खेळत नाही व उन्हाळ्यात ते अंगाला उबते. मोठ्या संख्येच्या एकरंगी कामात स्क्रीन छपाईच सरस ठरते.

नवोदितांची खरी कसोटी छपाईयंत्राच्या निगेत आहे. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसतो. शाई नियमित ढवळली नाही आणि यंत्र दिवसेंदिवस बंद राहिले, तर शाई सोडणारी सूक्ष्म छिद्रे बुजतात व दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. कर्ज काढून घेतलेले यंत्र कामाअभावी पडून राहणे, याहून मोठे नुकसान नाही. भुकटी तापविताना धूर निघतो. तेव्हा जागा हवेशीर असावी आणि भुकटी हाताळताना तोंडाला मास्क बांधावा.

यास्तव आरंभी छपाईयंत्र घेण्याची घाई करू नये. शहरातील छपाईदाराकडून फिल्म छापून आणावी आणि गटाने केवळ हीट प्रेस घ्यावा. एकाच मोठ्या फिल्मवर अनेक लहान आकृत्या बसविल्यास बचत होते. प्रथम कापडाच्या तुकड्यावर छापून, धुऊन पाहावे. छापील कपडा पहिल्या २४ तासांत धुऊ नये. पुढेही उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि छापावर थेट इस्त्री फिरवू नये, हे ग्राहकास अवश्य सांगावे.

कामाची मागणी नियमित झाल्यावरच जिल्हा उद्योग केंद्राचा सल्ला घेऊन पुढील यंत्राचा विचार करावा. ग्रामपंचायती व शाळा यांनी गणवेश, स्वयंसेवकांचे सदरे यांसारखी कामे गावातील गटांकडे सोपविल्यास ही मागणी उभी राहील. यंत्र विकत घेता येते. त्याला रोजचे काम पुरविणे मात्र गावाच्याच हाती आहे.