कर्बोदके, नाचणी आणि हाडांचे बळ

उतारवयात न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि दोष ओल्या फरशीला दिला जातो. हाड ठिसूळ होण्याची प्रक्रिया मात्र त्याआधी कित्येक वर्षे सुरू असते. तिचे एक कारण रोजच्या ताटात दडलेले असते.

भारतीय आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, असे ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासात आढळले आहे. पांढरा तांदूळ, दळलेले गहू आणि साखर हे तिचे प्रमुख स्रोत होत.

कर्बोदके ही हाडांची शत्रू नव्हेत. हानी दोन मार्गांनी होते. भाताने पोट भरले की डाळ, दूध व पालेभाज्या मागे पडतात. हाडाचा सांगाडा कोलॅजन या प्रथिनाचा असतो, तर त्याला कठीणपणा कॅल्शियम व फॉस्फरसमुळे येतो; दोहोंचीही उणीव भासू लागते. दुसरा मार्ग मधुमेहाचा. रक्तातील वाढीव साखर कोलॅजनच्या तंतूंशी जखडली जाते आणि हाडाची लवचीकता घटते. म्हणूनच टाइप २ मधुमेहात तपासणीत घनता चांगली दिसूनही अस्थिभंगाचा धोका अधिक राहतो.

धान्याची निवड

कर्नाटकातील रागी, उत्तराखंडातील मंडुवा, ओडिशातील मंडिया आणि महाराष्ट्रातील नाचणी किंवा नागली हे एकच धान्य. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हाच्या पिठात ते सुमारे ३१, ज्वारीत २८, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम असते. प्रौढांची दैनंदिन गरज १००० मिलिग्रॅम, तर रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची १२०० मिलिग्रॅम मानली जाते. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून त्यापैकी सुमारे १८० मिलिग्रॅम पदरात पडते.

मात्र नाचणीतील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे ते सर्वच शरीरात शोषले जात नाही. मोड आणून दळल्यास किंवा आंबवून आंबील केल्यास हे आम्ल कमी होते. शिवाय नाचणीही कर्बोदकप्रधानच आहे. मधुमेहींनी बारीक पिठाच्या गोड पेजेपेक्षा डाळ-भाजीबरोबर भाकरी खाणे श्रेयस्कर.

साठवणुकीतील लाभ

तांदळातील सोंडकिड्याची अळी एका दाण्याच्या आतच वाढते. नाचणीच्या इवल्या दाण्यात तिला तेवढी जागा मिळत नाही. त्यामुळे नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दुष्काळातही कॅल्शियमचा साठा शिल्लक राहतो. पिठाला मात्र तांबडे भुंगेरे लागतात. म्हणून दळण लागेल तेवढेच करावे.

केवळ नाचणीने मोडके हाड सांधत नाही. ड जीवनसत्त्वासाठी ऊन, स्नायूंसाठी श्रम आणि पुरेशी प्रथिने यांचीही जोड हवी. परंतु बाजारात विकल्या जाणाऱ्या नाचणीतील एक पोते घरासाठी राखून ठेवणे, हा निर्णय शेतकरी कुटुंबाच्या स्वतःच्या हाती आहे. त्याचा सर्वाधिक लाभ घरातील स्त्रियांच्या हाडांना होईल.